मूल बहुदिव्यांग असेल तर: गोव्यात पालकांचा गट कसा जमवावा

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगते. तुमचं मूल साधारण सहा वर्षांच्या आतलं आहे. ते अजून मान धरत नाही किंवा आधाराशिवाय बसत नाही. एका वेळचं भरवायला तास जातो. मधूनच फिट येते. नजर स्थिरावत नाही, किंवा हाक मारली तर वळत नाही. डॉक्टरांच्या कागदावर सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (सगळ्याच बाबतींत विकास मागे पडणं), एखाद्या सिंड्रोमचं नाव, किंवा यातलं दोन-तीन एकत्र लिहिलेलं आहे.

गोव्यात इस्पितळं आहेत, थेरपिस्ट आहेत, स्पेशल स्कूल आहेत. पण इस्पितळाची तारीख महिन्यातून एकदा येते आणि शाळेत प्रवेश मिळायला काही वर्षं जावी लागतात. मधल्या काळात आई घरात एकटी असते. मूल वाळपईच्या पुढच्या गावातलं असो, पेडण्याचं असो की काणकोणचं, फिजिओथेरपीसाठी दोन बस बदलून जायचं आणि वीस मिनिटांत परत निघायचं. उरलेल्या वेळात मुलाला कसं धरायचं, काय भरवायचं, रात्री रडत राहिलं तर काय करायचं, हे विचारायला कोणी नसतं. पालकांचा गट हवा तो या मधल्या काळासाठी. तो छोटा असावा, जवळ असावा, ठरल्या दिवशी भरावा आणि तिथे भाषणाऐवजी मुलाच्या रोजच्या कामांवर हात चालावेत. आमचा गट याच रीतीने उभा राहिला. तो कसा उभा करायचा ते क्रमाने लिहिते.

१. आधी जवळपास काय आहे ते बघून घ्या

नवा गट काढायची घाई करू नका. कदाचित तुमच्या बसमार्गावरच काहीतरी चालू असेल. जिल्हा इस्पितळात, म्हापशात आणि मडगावात, बालरोग विभागात जाऊन डीईआयसीबद्दल विचारा. हे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना अशा केंद्राकडे पाठवलं जातं. अंगणवाडीत येणारं आरोग्य पथक याच कार्यक्रमाचं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, मूल दाखवत असाल तर तिथल्या फिजिओथेरपी विभागातही चौकशी करा.

संस्थांपैकी पर्वरीचं संजय स्कूल, ढवळी-फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान आणि जुन्या गोव्याची सेंट झेवियर्स अकादमी ही नावं तुमच्या कानावर आली असतील. बालविकास आणि कुटुंब मार्गदर्शनाचं काम सेतू ही संस्था करते. १९९६ साली सुरू झालेली संगत ही संस्थाही पर्वरीतून मुलांच्या विकासावर काम करते. फोन केलात तर ‘माझ्या मुलाला प्रवेश मिळेल का’ एवढंच विचारून थांबू नका. पालकांची बैठक होते का, ती कुठे आणि किती दिवसांनी, मूल सोबत आणायचं का, आजी-आजोबांना येता येतं का, आणि आमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कुटुंबांपर्यंत आमचा नंबर पोचवाल का, हेही विचारा. माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा.

बैठक होते पण घरापासून दीड तासावर, असं उत्तर आलं तर एकदा तरी जाऊन बघा. बघितलेलं पुढे उपयोगी पडतं. पण दीड तासाच्या प्रवासावर नेहमीचं जाणंयेणं टिकत नाही. विशेषतः मूल मोठं आणि जड होत जातं तेव्हा.

२. पहिली तीन-चार घरं

सुरुवातीला तीन-चार कुटुंबं पुरतात. दहा मिळाली तर छान, पण दहाची वाट बघत बसू नका.

ती सापडतात थेरपीबाहेरच्या बाकावर, अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या दिवशी. अंगणवाडी सेविकेला वाड्यावाड्यातलं ठाऊक असतं. घरातून बाहेर न काढलेलं मूलही तिला ठाऊक असतं. तिच्याकडे नावं मागू नका. दुसऱ्याच्या मुलाची माहिती तिने परस्पर देणं बरोबर नाही. त्याऐवजी तुमचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेल्या पाच-सहा चिठ्ठ्या तिच्याजवळ ठेवा आणि म्हणा, “अशी कोणी आई असली तर तिला हे द्या. तिला वाटलं तर ती फोन करील.” नर्सबाईंकडेही तसंच करा.

फोन आला की पहिलं वाक्य जपून बोला. ‘तुमच्या मुलाला काय झालंय?’ हा प्रश्न त्या आईने शंभरदा ऐकलेला असतो. आमच्यातल्या एका ताई फोनवर नेहमी असं सुरू करतात: “माझी धाकटी चार वर्षांची. तिलाही अजून बसता येत नाही. तुमचा बाबू काय खातो?” खाण्याचा विषय निघाला की बोलणं आपोआप सुरू होतं.

यात दोन ठिकाणी जपावं लागतं. एक म्हणजे घरी भेटायला जाणं. सासू-सासरे, शेजारी समोर असताना आई मोकळं बोलत नाही, आणि कधीकधी नंतर तिलाच बोलणी खावी लागतात. पहिली भेट शक्यतो घराबाहेर ठेवा. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या गरजांची मुलं एकत्र घेणं. चालणारं, धावणारं, स्वमग्न मूल आणि अजिबात न हलणारं मूल यांच्या आयांची दुःखं जवळची असली तरी रोजची कामं वेगळी असतात. सुरुवातीला गरजा जुळतील अशी घरं घ्या. नाहीतर एकीला दर वेळी वाटतं की आज आपल्या उपयोगाचं काहीच झालं नाही.

३. जागा, वेळ आणि सामान

जागा तळमजल्यावर हवी. पायऱ्या चढायच्या म्हणजे मूल कडेवर, पिशवी खांद्यावर आणि हातात छत्री. पंचायतीचं सभागृह, सरकारी शाळेचा रिकामा वर्ग, अंगणवाडीची खोली, वाचनालय यांपैकी काहीही चालेल. सरपंचांना किंवा मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या. बहुतेक वेळा जागा मिळते.

देवळाचं सभागृह पटकन मिळतं, प्रशस्तही असतं. तरी मी ते पहिली पसंती म्हणून सुचवणार नाही. आपल्या गावांत ख्रिस्ती घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, कामासाठी कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत, आणि देवळात जायला अजूनही संकोच वाटणारी हिंदू घरंही आहेत. कोणी उघड बोलत नाही, फक्त येत नाही. चॅपलच्या हॉलचंही तसंच. सगळ्यांची म्हणता येईल अशी जागा शोधा.

वेळ बस बघून ठरवा. शेवटची बस साडेपाचला असेल तर बैठक चारला सुटलीच पाहिजे. पंधरवड्यातून एकदा, वार कायमचा ठरलेला, दीड ते दोन तास. त्याहून लांबवलं की मुलं कुरकुरतात आणि आयांचं लक्ष उडतं. जून ते सप्टेंबर पावसात येणं कठीण होतं, मुलांना खोकला धरतो. तेव्हा महिन्यातून एकदाच ठेवा, पण बंद करू नका. चवथीच्या आधीचा आठवडा सोडून द्या, कोणी येणार नाही.

सामान फार लागत नाही:

- दोन मोठ्या चटया, त्यांवर टाकायला जाड गोधड्या
- जुने आंघोळीचे टॉवेल, भरपूर. गुंडाळी करून मान, पाठ, गुडघ्यांखाली आधार द्यायला
- लोड किंवा घट्ट तक्क्या
- लहान, चपटे चमचे, वाट्या, घोटणी
- आवाज करणारी आणि गडद रंगाची दोन-तीन खेळणी; भुईमुगाच्या शेंगा भरलेली बाटलीही चालते, झाकण घट्ट चिकटवून
- साबण, पाणी, बदलायचे कपडे, कचऱ्याची पिशवी
- एक वही

पंखा आणि स्वच्छतागृह आहे ना ते आधी जाऊन बघा. लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटकडेही बघा. काही मुलांना अशा उजेडाने फिट येते.

४. पहिली बैठक

गोल बसा, खाली, मुलं मांडीवर किंवा मधल्या चटईवर. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की एक बोलणार आणि बाकीचे ऐकणार असं आपोआप होतं. सुरुवातीला प्रत्येकीने आपलं आणि मुलाचं नाव सांगायचं आणि मुलाला काय आवडतं ते एक सांगायचं. आजाराचं नाव नंतर. एखाद्या आईला मुलाला काय आवडतं हे कधी कोणी विचारलेलंच नसतं. ती थांबते, विचार करते, मग म्हणते, “घुमटाचा आवाज आला की हसतो.” बाकीच्या सगळ्या त्या मुलाकडे बघतात.

त्यानंतर चार नियम बोलून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. इथे ऐकलेलं बाहेर जाणार नाही. मुलांची तुलना नाही. न विचारता सल्ला नाही. आणि ‘कशामुळे झालं’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारणार नाही.

शेवटच्या नियमावर मी अडून बसते. ग्रहण पाळलं नाही, बाहेरचं काही लागलं, देणं राहिलं, पोटात असताना अमुक खाल्लं, हे बहुतेक प्रत्येक आईला कोणी ना कोणी ऐकवलेलं असतं. ग्रहणाने सेरेब्रल पाल्सी होत नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच मेंदूला इजा झाली की ती होते. वेळेआधी जन्म, प्राणवायू कमी पडणं, मेंदूचा जंतुसंसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ ही त्यातली काही कारणं, आणि अनेकदा नेमकं कारण सापडतच नाही. हे एकदा कोणी डॉक्टरांनी गटासमोर, आजी-आजोबांच्या देखत सांगितलं तर फार मोठं काम होतं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एक बैठक आजी-आजोबांसाठी ठेवा. घरात भरवतं कोण, अंगाला तेल चोळतं कोण? पुष्कळदा आजीच.

भाषेचं सांगायचं तर बोलणं कोकणीत होऊ द्या. वही मराठीत असली तरी हरकत नाही, पण निरोप मात्र आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आमच्यात मराठी वाचणाऱ्या आहेत, रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी वाचणाऱ्या आहेत, कन्नड बोलणाऱ्या आहेत आणि अक्षरओळख नसलेल्याही आहेत. आवाज सगळ्यांना कळतो.

५. दर बैठकीला एकच काम शिका

गट टिकतो की विरतो ते इथे ठरतं. नुसतं मन मोकळं करायला माणसं दोन-तीनदा येतात, मग थांबतात. घरी गेल्यावर लगेच करून बघता येईल असं काही हातात पडलं तर पुन्हा येतात.

विषय ठरलेले ठेवा: भरवणं, झोपवण्या-बसवण्याच्या स्थिती, उचलणं, संवाद, खेळ, फिट, झोप, आईची कंबर. जगात यासाठी तयार अभ्यासक्रम आहेत. ‘गेटिंग टू नो सेरेब्रल पाल्सी’ हा पालकांच्या गटांसाठीच बनवलेला आहे आणि त्यातूनच पुढे अगदी लहान मुलांसाठी ‘बेबी उबुंटू’ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-कौशल्य प्रशिक्षणात ९ सामूहिक सत्रं आणि ३ गृहभेटी असतात. आपल्या गोव्यातही या दिशेने काम झालेलं आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांना शिकवून मुलांशी संवाद वाढवण्याचा एक प्रयोग गोवा आणि रावळपिंडी इथे झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात पालकांना शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. आई-वडिलांच्या हातून खूप काही होऊ शकतं ही केवळ आशा नाही, ते तपासून बघितलेलं आहे.

भरवण्याची बैठक कशी घ्यायची ते सविस्तर सांगते, कारण जीवाला धोका इथेच जास्त असतो.

सगळ्यांनी घरून मुलाचं नेहमीचं खाणं आणायचं. बहुतेकींच्या डब्यात उकड्या तांदळाची पेज असते. आधी फक्त बघायचं, ती कशी भरवते. बऱ्याच घरांत मूल मांडीवर आडवं, मान मागे, आणि चमचा वरून. काही घरांत नाक दाबूनही. कोणालाही टोकू नका. मग त्या आईलाच डोकं मागे टाकून, छताकडे बघत एक घोट पाणी गिळायला सांगा. घसा कसा अडतो ते तिला स्वतःला कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

नंतर मूल शक्य तितकं सरळ बसवा. पाठीला आधार, डोकं मध्यावर, हनुवटी किंचित खाली. भरवणारी समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. उभं राहून भरवलं की मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते. चपटा चमचा, अर्धाच भरलेला, जिभेच्या मध्यावर हलकेच टेकवायचा आणि ओठ मिटायची वाट बघायची. चमचा वरच्या दातांना पुसून काढायचा नाही. गिळलं हे दिसल्यावरच पुढचा घास. संपल्यावर लगेच झोपवू नका, अर्धा तास तरी सरळ ठेवा.

पेजेचा दाटपणा महत्त्वाचा. पातळ निवळ घशातून इतकी झपकन सरकते की गिळण्याची वेळ चुकते आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शितं घोटून एकजीव करा. चमचा तिरका केल्यावर पेज धार न लागता संथपणे घसरली तर बहुतेक मुलांना ती सांभाळता येते. नाचण्याचं सत्त्वही असंच शिजवा. काही शितं अख्खी आणि भोवती पाणी, असं मिश्रण सर्वांत अवघड. त्यात तोंडाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. मात्र कोणत्या मुलाला किती दाट हवं ते सारखं नसतं. ते स्पीच थेरपिस्टना किंवा डॉक्टरांना दाखवून ठरवा.

भरवताना खोकला, ओला घरघरता आवाज, डोळ्यांत पाणी, ओठांचा रंग बदलणं यांपैकी काही दिसलं तर थांबा. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल किंवा वजन वाढत नसेल तर भरवण्याची तपासणी करून घ्या. नळीने भरवायचा सल्ला मिळाला म्हणून आई कमी पडली असं होत नाही. गटात हे मोठ्याने बोला.

बाकीच्या विषयांचं थोडक्यात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणाऱ्या मुलाला कडेवर घेताना पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्या. पाळण्यातल्यासारखं आडवं घेऊन फिरू नका. दिवसभर एकाच स्थितीत ठेवू नका. कुशीवर, पालथं, कोपऱ्यात टेकवून बसवलेलं, असं आलटून पालटून ठेवा. संवाद शिकताना वाटी आणि खेळणं दोन हातांत धरा, मूल कशाकडे बघतं ते पाहा आणि ज्याकडे बघितलं ते लगेच द्या. नजरेने मागता येतं हे मुलाला कळायला आठवडे लागतील. लागू द्यात.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. चप्पल किंवा कांदा हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८ ला फोन करा. फिटची औषधं अचानक बंद करणं फार धोक्याचं आहे. गोळ्या संपत आल्या की गटातल्या कोणीतरी आठवण करून द्यावी अशी सोय लावून घ्या.

६. तज्ज्ञ बोलवा, पण गट त्यांच्या हाती देऊ नका

थेरपिस्ट अधूनमधून यावेत, शिकवलेलं बरोबर आहे का ते बघावं, नवं दाखवावं. येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: व्याख्यान नको, प्रत्येक मुलाला हात लावून दाखवा. पालकांनी एकमेकींच्या मुलांवर व्यायाम करून बघू नयेत. ताठ झालेला सांधा जोर लावून हलवला तर इजा होते.

इथेच एक सावधगिरीची सूचना. एका आईच्या फोनवर कोणीतरी पाठवतं की अमक्या शहरात स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी मूल चालायला लागतं. लाखांचा खर्च, दागिने, कधी जमीनही. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नतेसाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांसाठी तो फक्त संशोधन म्हणूनच करता येतो, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी पैसे मागत असेल तर उठून या. फिटच्या गोळ्या बंद करून आमचं चूर्ण द्या म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर.

७. कागदांची बैठक

वर्षातून दोनदा फक्त कागदांसाठी जमा. एकटीने केलं तर महिने जातात. चौघींनी एकत्र केलं तर एकीला कळलेलं चौघींना कळतं.

क्रम असा ठेवा. आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगता ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा आणि बोलावलं की इस्पितळात तपासणीला जायचं. ४० ते ७९ टक्के दिव्यांगतेला पिवळं कार्ड, ८० आणि त्याहून जास्त असेल तर निळं. लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. मुदत कधी संपते ती तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि बहुदिव्यांगता त्यांत वेगळी धरलेली आहे. मुलाला ऐकण्याचा आणि हालचालीचा असे दोन्ही प्रश्न असतील तर दोन्हींची तपासणी करून घ्या. एकच तपासला तर टक्केवारी कमी येते.

मग निरामय. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालचा. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता येतात. निरामय या त्याच्या आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च येतो, आणि विमा देण्याआधी वैद्यकीय तपासणी नसते. याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. बहुतेकांचा विमा विसरल्यामुळेच तुटतो.

त्यानंतर गोवा सरकारच्या योजना. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांना दरमहा साहाय्य मिळतं, त्यासाठी गोव्यातल्या वास्तव्याची अट आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड कुटुंबाचं असतं. त्यात मुलाचं नाव घातलंय का ते आजच बघा. गोव्यात दिव्यांगजन सक्षमीकरणाचं स्वतंत्र खातं आहे आणि राज्य दिव्यांगजन आयुक्तांचं कार्यालयही आहे. काम अडलं तर तिथे लेखी तक्रार करता येते, आणि एका आईच्या सहीपेक्षा आठ जणींच्या सह्यांचा अर्ज लवकर वाचला जातो.

प्रत्येकीने एक फाइल करायची:

- मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड
- आई-वडिलांचं आधार, रेशन कार्ड
- रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला
- जन्माच्या वेळची इस्पितळाची कागदपत्रं, डिस्चार्ज कार्ड
- एमआरआय, ईईजी, ऐकण्या-बघण्याच्या तपासण्या
- चालू औषधांची चिठ्ठी
- पासपोर्ट आकाराचे फोटो, दहा तरी
- मुलाच्या नावाचं किंवा पालकासोबतचं बँक पासबुक
- प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स

मूळ कागद कोणालाही देऊ नका, ‘दोन दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट घडते. गटात एक शिकलेली, संगणक येणारी आई असते आणि सगळे अर्ज तिच्या गळ्यात पडतात. तिचंही मूल आहे. प्रत्येक वेळी तिच्या शेजारी दुसरी कोणीतरी बसवा म्हणजे काम शिकून होईल.

८. पैसा, नोंदणी, पाहुणे

पहिली एक-दोन वर्षं नोंदणी नको. चहाचे आणि चटयांचे पैसे वर्गणीतून काढा, वहीत लिहा, महिन्याच्या शेवटी वाचून दाखवा. ज्यांना जमत नाही त्यांना वर्गणी विचारू नका. गट रुळला, देणगी यायला लागली, बँक खातं हवं झालं, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांनी संस्था नोंदवता येते. पालकांच्या संघटनेला राष्ट्रीय न्यासाकडेही नोंदणी करता येते, कायद्यात तशी तरतूद आहे.

देणगी आली की पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर कॅमेरे. मुलाचा फोटो काढायचा की नाही ते त्या मुलाची आई ठरवील, आणि तिने नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. व्हीलचेअर वाटपाच्या कार्यक्रमात एकाच मापाच्या खुर्च्या येतात. मान न धरणाऱ्या मुलाला साध्या खुर्चीत बसवलं तर पाठ वाकडी होत जाते. घेण्याआधी थेरपिस्टला विचारा. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वेगळी खुर्ची मिळते, तिचं माप घेतलं जातं.

९. माणसं गळतात तेव्हा

एखादी आई दोनदा आली नाही तर फोन करा. तिसऱ्यांदाही नाही आली तर दोघींनी जा. कारण बहुधा साधं असतं: मूल आजारी, दुसरं बाळंतपण, घरात वाद. कधी कारण साधं नसतं. रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, ‘आम्ही दोघंही नसलेलंच बरं’ असं ती म्हणाली तर ते ऐकून सोडून देऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत, म्हणजे आयपीएचबीत, उपचार मिळतात. सोबत म्हणून गटातलं कोणीतरी जावं.

वडिलांना आणायचं असेल तर काम द्या. कोपऱ्यात ठेवायची लाकडी खुर्ची बनवायची आहे, माप घ्यायचं आहे असं म्हटलं की ते येतात. ‘बोलायला या’ म्हटलं तर सहसा येत नाहीत.

आणि काही मुलं जातात. इतक्या नाजूक मुलांच्या गटात हे होणारच, आणि त्याबद्दल आधी बोललेलं बरं. मूल गेल्यावर त्या आईचं नाव यादीतून काढू नका, फोनवरच्या गटातूनही काढू नका. यावंसं वाटलं तर ती येईल. आमच्यातली एक आई मूल गेल्यानंतर काही महिन्यांनी परत आली, आणि आता नव्या आयांना पेज घोटायला तीच शिकवते. त्या मुलाचं नाव आम्ही घेतो. घेऊ नये असं कोणी म्हणालं तरी आईला विचारून घेतो.

१०. मूल सहाचं झालं की

कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्पेशल स्कूलमध्ये मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत नेणं शक्यच नसेल तर समग्र शिक्षा अभियानात घरी येऊन शिकवण्याची सोय आहे. तुमच्या भागातल्या शाळेत किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्यासाठी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. प्रवेशाच्या चौकशीला पाच पूर्ण व्हायच्या आधीच लागा, स्पेशल स्कूलच्या जागा मर्यादित असतात.

मोठ्या झालेल्या मुलांच्या आया गट सोडून जातात तेव्हा त्यांच्याकडची वही, चमचे, टॉवेल आणि अंगणवाडीतल्या चिठ्ठ्यांवरचा फोन नंबर, सगळं पुढच्या दोघींकडे रीतसर सोपवून घ्या. जुना नंबर बंद झाला आणि चिठ्ठी तशीच राहिली तर फोन करणाऱ्या नव्या आईला कोणी उचलत नाही, आणि ती दुसऱ्यांदा बहुधा करत नाही. दर जूनमध्ये, अंगणवाडी उघडली की, चिठ्ठ्या बदलून या.